न बोलणारा 'के'
(विद्यार्थी गुणगौरव समारंभातील भाषण)



आज ज्या मुलामुलींचा सत्कार झाला त्यांचे मी मनःपूर्वक अभिनंदन करतो. परंतु मला बोलायचे आहे ते इंग्रजीच्या धास्तीने मागच्या बाकावर बसणाऱ्या मुलांशी. मी त्यांच्यापैकीच एक होतो.

सातवीत असताना गुरुजींनी मला धडा वाचायला उभे केले. त्यात सुरी या अर्थाचा शब्द आला. स्पेलिंग के-एन-आय-एफ-ई. मी जसे दिसले तसे 'क्नाइफ' वाचले. सारा वर्ग हसला. गुरुजी म्हणाले, "नाइफ म्हण. 'के' सायलेंट असतो, एवढेही कळत नाही?" तो का सायलेंट असतो हे त्यांनी सांगितले नाही आणि विचारण्याचे धाडस मला झाले नाही. घरी विचारावे तर वडिलांना अक्षरओळख नव्हती. त्यानंतर वर्षभर इंग्रजीच्या तासाला मी हात वर केला नाही.

त्या प्रश्नाचे उत्तर मला स्वतः शिक्षक झाल्यावर मिळाले. इंग्रज लोक एकेकाळी हा 'क' स्पष्ट उच्चारीत असत. इंग्रजीची बहीण असलेल्या जर्मन भाषेत गुडघ्याला आजही 'क्नी' म्हणतात. १४७६ साली विल्यम कॅक्स्टन यांनी इंग्लंडमध्ये वेस्टमिन्स्टर येथे छापखाना सुरू केला, तेव्हाही हा 'क' बोलला जात होता. छपाईमुळे स्पेलिंग हळूहळू पक्के होत गेले. पुढे सतराव्या-अठराव्या शतकांत 'क' तोंडातून गळाला, पण कागदावर तसाच राहिला. म्हणजे मी जे वाचले ते मूर्खपणाचे नव्हते. काही शतकांपूर्वी लंडनमध्ये कुणी मला हसले नसते!

मित्रांनो, नियम सोपा आहे. शब्दाच्या सुरुवातीला के-एन आले की 'के' वाचायचा नाही. शब्दाच्या मध्ये मात्र नीट पाहावे. 'वीकनेस' या शब्दात 'के' वाचतात, कारण तो 'वीक' या शब्दाचा आहे. 'अननोन' मध्ये वाचत नाहीत, कारण तिथे मूळ शब्द 'नो', म्हणजे जाणणे, हा आहे. हा मुका 'के' लिहिताना उपयोगीही पडतो. 'नो' म्हणजे नाही आणि 'नो' म्हणजे जाणणे. 'नॉट' म्हणजे नाही आणि 'नॉट' म्हणजे गाठ. 'नीड' म्हणजे गरज आणि 'नीड' म्हणजे पीठ मळणे. उच्चार एकच, पण 'के' पाहिला की अर्थ कळतो.

हे शब्द सुटे पाठ करू नका, त्यांची कुटुंबे पाहा. 'नी' म्हणजे गुडघा, 'नील' म्हणजे गुडघे टेकणे. 'नॉट' म्हणजे गाठ, 'निट' म्हणजे विणणे. विणकाम म्हणजे शेवटी धाग्यांच्या गाठीच ना! 'नो' म्हणजे जाणणे आणि त्यापासून 'नॉलेज' म्हणजे ज्ञान.

आता एक आश्चर्याची गोष्ट सांगतो. इंग्रजी आणि संस्कृत या दूरच्या नात्यातल्या भाषा आहेत. आपल्याकडच्या 'ज' च्या जागी इंग्रजीत कित्येकदा 'क' येतो. 'आजानुबाहू' मधला 'जानु' आणि इंग्रजी 'नी' एकाच मुळाचे. आपले 'जाणणे', संस्कृत 'ज्ञा' आणि इंग्रजी 'नो' हेही एकाच मुळाचे. पालीत 'ज्ञान' चे 'ञाण' झाले आणि 'प्रज्ञा' ची 'पञ्ञा' झाली. इंग्रजीत 'क' गळाला, तसा पालीत 'ज' गळाला. म्हणून पाली अशुद्ध ठरत नाही. ती लोकांच्या जिवंत बोलण्याच्या वाटेने गेली, एवढेच. बाबासाहेबांनी पाली शब्दकोशाचे काम हाती घेतले होते. महाराष्ट्र शासनाने ते १९९८ साली त्यांच्या लेखन व भाषणांच्या सोळाव्या खंडात प्रसिद्ध केले आहे. शब्द शेजारी शेजारी ठेवून कसे शिकावे हे त्यात पाहायला मिळते.

शेवटी दोन शब्द मुद्दाम सांगतो. एक 'नाइट', म्हणजे इंग्लंडमधला मानाचा सरदार. दुसरा 'नेव्ह', म्हणजे लुच्चा माणूस. दोन्ही के-एन चे. आणि जुन्या इंग्रजीत दोहोंचा मूळ अर्थ एकच होता : मुलगा, पोरगा! पुढे दोन्ही शब्द चाकराला वापरले जाऊ लागले. एक पोरगा राजाच्या घोडदळात गेला आणि सरदार झाला. दुसरा चाकरच राहिला, आणि वरच्या लोकांनी चाकराला लबाड ठरवले म्हणून शब्दही बदनाम झाला. पत्त्यांतल्या ज्या पानाला आपण गुलाम म्हणतो, त्याला इंग्रज पूर्वी 'नेव्ह' म्हणत. आणि 'गुलाम' हा मूळचा अरबी शब्द, त्याचाही पहिला अर्थ मुलगा हाच!

बंधू-भगिनींनो, शब्द जन्मतः उच्च किंवा नीच नसतो. लोक त्याला कुठे बसवतात यावर त्याची किंमत ठरते. माणसाच्या बाबतीत हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आपण ते भोगले आहे.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. मुलाने चुकीचे वाचले तर हसू नका, हसू देऊ नका. आणि विद्यार्थी मित्रांनो, आजच एक वही करा. तिच्यात तीन रकाने आखा : स्पेलिंग, उच्चार आणि अर्थ. पहिल्या पानावर के-एन चे दहा शब्द लिहा. दुसऱ्या पानावर डब्ल्यू-आर चे लिहा, म्हणजे लिहिणे, मनगट, चूक या अर्थांचे शब्द. तिथे 'डब्ल्यू' असाच मुका बसलेला सापडेल. रोज पाच शब्द केले तरी वर्षाला अठराशेच्या वर होतात. अडले तर गुरुजींना, बाईंना "का?" असे विचारा. मी विचारले नाही, त्याची खंत मला अजून आहे. तुम्ही विचारा.