परमुलखातील मनाची विचारपूस



इंग्लंडात मनोविकारांच्या चिकित्सेत व समुपदेशनात गुंतलेल्या मराठी भाषकांच्या या परिषदेचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, याबद्दल रीतीप्रमाणे आभार मानतो; मात्र स्वतःच्या अपात्रतेचे सविस्तर वर्णन करण्याची जी दुसरी रीत आहे तिला आज फाटा देतो, कारण वेळ थोडा आहे, आणि विषय जुना असूनही अद्याप मार्गी लागलेला नाही.

तो किती जुना, हे पाहण्यासाठी १८८३ सालापर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी पंडिता रमाबाई आपली लहानगी कन्या मनोरमा व सोबतीण आनंदीबाई भगत यांच्यासह वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात येऊन राहिल्या, आणि काही महिन्यांच्या आतच, आपल्याला बळाने बाटवतील अशा भयाने ग्रासलेल्या आनंदीबाईंनी तेथे आपल्या जीविताचा अंत करून घेतला. मठात आश्रय होता, अन्न होते, आणि रमाबाईंसारखी मराठी विदुषी सोबतीस होती. यात मी कोणालाही दोष देऊ इच्छीत नाही. परंतु आपली भाषा बोलणारे माणूस जवळ असले म्हणजे आपले भय त्याच्यापाशी उघड करता येतेच असे नाही, याचा याहून दारुण दाखला मला ठाऊक नाही.

आज येणारे आपले लोक अर्थातच निराळ्या परिस्थितीत येतात. लेस्टर वा बर्मिंगहॅमच्या विद्यापीठात शिकणारा मुलगा आरोग्यसेवेचा अधिभार म्हणून वर्षाला ७७६ पौंड आगाऊ भरून येतो, आणि तरीही, झोप उडाली, अभ्यासावरून मन उठले, तरी डॉक्टरांच्या दारात जात नाही. कारण दफ्तरात एकदा नोंद झाली की व्हिसा जाईल, अशी वदंता त्याच्या मित्रमंडळीत असते. केवळ उपचार घेतले एवढ्या सबबीवर व्हिसा रद्द होत नाही, हे त्याला कोणीतरी स्पष्ट शब्दांत सांगावयास हवे. नातवंड सांभाळण्यासाठी सहा महिन्यांच्या मुदतीवर आलेल्या आजीच्या मनाची कैफियत तर बहुधा गुडघ्याच्या, पोटाच्या आणि डोके जड होण्याच्या तक्रारींतूनच बाहेर पडते. दहा मिनिटांच्या भेटीत रक्त तपासण्याचे ठरते, ते निर्दोष निघते, आणि सारे आनंदाने घरी परततात.

मग कधीतरी नऊ प्रश्नांचा तो सुप्रसिद्ध तक्ता पुढे येतो: गेल्या दोन आठवड्यांत निराशा किती वाटली, झोप कशी लागली, प्रत्येकास शून्य ते तीन गुण, एकूण २७. तापमापकाइतका त्याचा उपयोग आहे, आणि तापमापकाची निंदा करणारा वैद्य मी नव्हे. पण सुनेच्या स्वयंपाकघरात हात लावण्याची मुभा नाही, मुलाने गावाकडील घर विकण्याची मसलत चालवली आहे, पतीच्या वर्षश्राद्धाला आपण येथे अडकून पडलो, या गोष्टींना त्या तक्त्यात रकाना नाही. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ च्या आपल्या निदानग्रंथात १६ प्रश्नांची एक मुलाखत दिली आहे. हा त्रास कशामुळे झाला असे तुम्हांस वाटते, तुमच्या माणसांना काय वाटते, आजवर कोणाकोणाकडे गेलात, कोणाचा आधार लाभला, अशा धर्तीचे ते साधे प्रश्न असून, ते विचारण्यास चिकित्सक मराठी असावा लागत नाही. त्याला उत्तर ऐकण्याची सवड असावी लागते. जाफर करीम यांनी १९८३ मध्ये लंडनात 'नफसियात' हे केंद्र काढले ते याच धोरणाने, की रुग्णाची भाषा, वंश आणि स्थलांतराचा इतिहास यांविषयी उपचाराच्या खोलीत मोकळेपणी बोलले जावे.

ज्यास इंग्रजीत मन मोकळे करता येत नाही त्याला सरकारी आरोग्यसेवेत दुभाषी विनामूल्य मिळतो; तो आधी मागून घ्यावा लागतो, एवढेच. तरीही आजीच्या वतीने बारा वर्षांचा नातू बोलत आहे, आणि जगण्यात राम उरला नाही हे तिचे म्हणणे, आईच्या चेहऱ्याकडे पाहत, 'आजी थकली आहे' एवढ्यावर आणून सोडीत आहे, हे दृश्य या सभागृहातील अनेकांनी पाहिले असेल. कुटुंबाला बाहेर ठेवा असे माझे म्हणणे नाही. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात रुग्णांच्या नातलगांना तंबू ठोकून आवारातच राहू दिले, आणि त्याचा रुग्णांना लाभच झाला. तो धडा इंग्लंडानेही घेण्यासारखा आहे. मात्र प्रथम रुग्णाला एकटे भेटावे, आणि तंबूत कोणास घ्यावयाचे हे त्यालाच विचारावे.

आता थोडे अप्रिय बोलतो. आपल्याच माणसाकडे जावे, हा सल्ला सरसकट देण्याच्या मी विरुद्ध आहे. ज्या शहरात मराठी कुटुंबे मोजकीच, तेथे मानसशास्त्रज्ञ बाईच गणेशोत्सवाच्या समितीवर असतात, आणि त्यांच्यापुढे मन उघडे करून आठ दिवसांनी त्यांच्याच हातून प्रसाद घेणे सर्वांना जमत नाही. सासरच्या जाचाची फिर्याद घेऊन आलेल्या मुलीला 'थोडे जुळवून घे' असे शुद्ध मराठीत सांगणारा समुपदेशक, किंवा एका तरुणाचे दुसऱ्या तरुणावर प्रेम आहे हे ऐकताच त्याच्या आईवडिलांचे वकीलपत्र घेणारा, यांच्यापेक्षा विचारून शिकणारी वेल्श बाई शतपटीने बरी. सजातीयता ही योग्यतेची सनद नव्हे. आणि सनदेचा विषय निघालाच आहे तर हेही सांगतो, की या देशात 'काउन्सेलर' वा 'सायकोथेरपिस्ट' अशी पाटी कोणीही लावू शकतो, त्या नावांना कायद्याचे संरक्षण नाही. 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' हे नाव मात्र नोंदणीवाचून वापरता येत नाही, आणि मनोविकारतज्ज्ञाची नोंद जनरल मेडिकल कौन्सिलच्या यादीत कोणासही पाहता येते.

पुण्या-ठाण्याच्या तज्ज्ञांशी पडद्यावरून बोलण्याची सोय झाली आहे, तिने पुष्कळांना दिलासा मिळतो, आणि मी तिला नावे ठेवीत नाही. परंतु त्यांची चिठ्ठी येथील औषधालयात चालत नाही, आणि मध्यरात्री कोणाच्या मनात जीव देण्याचा विचार बळावला तर इतक्या दुरून त्यांना काही तजवीज करता येत नाही. इंग्लंडात अशा वेळी १११ क्रमांक लावून दुसरा पर्याय निवडावयाचा असतो. ही माहिती प्रत्येक मराठी घरात पोचवणे हे आपले काम आहे.

प्रवेशद्वारापाशी एक नोंदवही ठेवली आहे. तीत प्रत्येकाने आपले नाव, नोंदणीक्रमांक, ज्या भाषांत काम करता त्या भाषा, शुल्क, आणि स्थानिक मंडळाच्या एखाद्या समितीवर आपण आहात काय, हे लिहून द्यावे, अशी माझी विनंती आहे. शेवटचा रकाना रिकामा सोडू नये. पुष्कळ रुग्ण आधी तोच वाचतील.