बदलते हवामान आणि डोक्यावरची घागर

(पंचायत समितीच्या सभागृहात सरपंच, सदस्य, शिक्षक व कर्मचारी यांच्यासमोर केलेले भाषण)



हवामानबदलाचा विषय निघाला की वितळणारे हिमनग आणि परदेशांतील परिषदा यांची चर्चा सुरू होते. मराठवाड्यातील श्रोत्यांना इतके दूर जाण्याचे कारण नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. गाडीचे डबे मोजले गेले, लिटर मोजले गेले. पण टँकरच्या रांगेत कोण किती तास उभे होते, याचा हिशेब मांडावा असे फारसे कोणाला सुचले नाही.

दुष्काळ आपल्याला नवा नाही. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या स्त्रियांच्या आठवणी आपल्या घराघरांत आहेत. नवे आहे ते पावसाचे बिघडलेले वेळापत्रक. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरून ठेवते. त्यामुळे पाऊस दीर्घ खंड घेतो आणि येतो तेव्हा एकदम कोसळतो. सप्टेंबर २०२५ मध्ये याच मराठवाड्याने महापूर पाहिला. विहीर आटली तर स्त्रीने दूर जायचे आणि पुराच्या पाण्याने विहीर गढूळ झाली तरी तिनेच दूर जायचे, असा हा न्याय आहे.

पीक बुडाले की उचल घेऊन ऊसतोडीला जाणारी कुटुंबे वाढतात. तेथे पतिपत्नी मिळून एक ‘कोयता’ धरतात. एका दिवसाचा खाडा म्हणजे दंड. पाळीच्या दिवसांत विश्रांती नाही, आडोसा नाही, पुरेसे पाणी नाही. २०१९ मध्ये नेमलेल्या शासकीय समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार महिला तोडणी कामगारांपैकी १३ हजारांहून अधिक जणींनी गर्भाशय काढून टाकल्याचे आढळले. याला केवळ हवामान कारण आहे असे मी म्हणणार नाही. दारिद्र्य आहे, मुकादमी आहे, काही वैद्यकीय व्यावसायिकांचा लोभही आहे. परंतु कोरडे शेत माणसाला ज्या वाटेला लावते, ती वाट येथवर पोचते.

शेतात राबते स्त्री. परंतु २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशातील वहितीधारकांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे १४ टक्केच होते. सातबाऱ्यावर नाव नसले की पीककर्ज आणि नुकसानभरपाई यांच्या यादीतही नाव नसते.

तरीही याच भागातील स्त्रियांनी मार्ग काढला आहे. लातूर व धाराशिव जिल्ह्यांत ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या साहाय्याने अनेकींनी घरच्यांकडून एखादा एकर मागून घेतला आणि नगदी पिकाऐवजी त्यात ज्वारी, कडधान्ये, भाजीपाला अशी कमी पाण्याची मिश्र पिके घेतली. बाजारभाव पडला तरी घरात खायला राहते. या कार्याला २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा ‘इक्वेटर’ पुरस्कार मिळाला. पुरस्कारापेक्षा मला महत्त्वाचा वाटतो तो घरात मागितलेला एकर. ते मागणे सोपे नव्हते.

आता आपण काय करावे? कारखान्यांचा धूर आपल्या हाती नाही. मात्र घरातील घागर आहे. ती पुरुषाने व मुलाने उचलावी. छपरावरचे पाणी टाकीत घ्यावे. सातबाऱ्यावर पत्नीचे नाव लावण्यासाठी तलाठ्याकडे अर्ज करावा. सरपंचांनी स्वतःपासून आरंभ केला तर गाव पाहील. शिक्षकांनी मार्च ते मे या काळात मुलींची गैरहजेरी वेगळी पाहावी; पटावरील त्या रिकाम्या चौकटींमागे पुष्कळदा पाण्याची खेप असते. सार्वजनिक कामावर सावली, पाणी आणि आडोसा आहे की नाही, हे अधिकाऱ्यांनी भर दुपारी जाऊन पाहावे, सकाळी दहाला नव्हे.

आणखी एक. ग्रामसभेपूर्वी महिला सभा घ्यावयाची असते, ती पुष्कळ ठिकाणी कागदावर होते. येत्या सभेत पहिला विषय पाणी सोडण्याच्या वेळेचा ठेवावा, आणि त्या सभेची वेळ टँकर येण्याच्या वेळी ठेवू नये.