फेकलेले थोटूक आणि त्याचा दंड

(पंचायत कर्मचारी, शिक्षक व ग्रामस्थ यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सिगारेट ओढून झाली की माणूस ती खाली टाकतो, चपलेच्या टाचेने चिरडतो आणि चालू लागतो. ही कृती इतकी अंगवळणी पडलेली असते की, आपण काही फेकले याचे स्मरणही बहुतेकांना राहत नाही. केळ्याची साल रस्त्यावर टाकणारा निदान इकडेतिकडे पाहतो. थोटूक टाकणारा तेवढेही करीत नाही. उलट, टाचेखाली ते विझवले म्हणजे आपण एक कर्तव्य पार पाडले, अशीच त्याची समजूत असते. सार्वजनिक जागी थोटूक टाकणाऱ्यास दंड करावा, असा विषय निघाला की सभेत हशा पिकतो, तो या समजुतीपोटीच. एवढ्याशा तुकड्याला कसला दंड, असे जो तो म्हणतो.

तेव्हा प्रथम या एवढ्याशा तुकड्याकडेच पाहणे योग्य ठरेल. विडीचे थोटूक म्हणजे टेंभुर्णीच्या पानाचा तुकडा, चिमूटभर तंबाखू आणि दोऱ्याचा वेढा. त्यातील पान तरी कालांतराने मातीला मिळते. सिगारेटच्या टोकाला जी पांढरी गाळणी असते, तिची गोष्ट निराळी आहे. ती दिसते कापसासारखी, परंतु ती कापसाची नसते. सेल्युलोज ॲसिटेट नावाच्या प्लास्टिकचे सुमारे १२,००० सूक्ष्म तंतू एकत्र दाबून ती तयार केलेली असते. ती वर्षानुवर्षे कुजत नाही. तिचे केवळ बारीक बारीक तुकडे होत जातात. शिवाय धुरातील विषारी द्रव्ये अडकवून ठेवणे हेच तिचे काम असल्याने, ओढून झालेल्या गाळणीत निकोटीन आणि शिसे, आर्सेनिक यांसारखी द्रव्ये साठलेली असतात. पाणी लागले की ती बाहेर पडू लागतात. अमेरिकेतील सॅन डिएगो येथील विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, एका लिटर पाण्यात साधारण एक थोटूक या प्रमाणात विरघळलेल्या विषाने चार दिवसांत निम्मे मासे मेल्याचे आढळले. मासे खाऱ्या पाण्यातले होते तसे गोड्या पाण्यातलेही होते.

मासळीवर ज्या प्रदेशाचे जेवण अवलंबून आहे, तेथे या प्रयोगाचा अर्थ फोड करून सांगण्याची आवश्यकता नाही. बाजारात, बसस्थानकाबाहेर, देवळाच्या जत्रेत पडलेली थोटके उन्हाळाभर गटारात साचतात. मृगाच्या पहिल्या मोठ्या सरीबरोबर ती ओहळात, ओहळातून मांडवी किंवा जुवारीत आणि तेथून समुद्रात जातात. झाडूच्या काड्यांमधून निसटणारी ही वस्तू पावसाच्या पाण्याला मात्र सहज उचलता येते.

दुसरा धोका आगीचा. भाताची गवताची उडवी, उन्हाने वाळलेला डोंगरउतार, काजूच्या बागायतीतील पाचोळा यांना विझले न विझले असे एक थोटूक पुरेसे होते, हे शेतकऱ्याला ठाऊक आहे. शहरातही हेच घडते. लंडनच्या भूमिगत रेल्वेच्या किंग्ज क्रॉस स्थानकात १८ नोव्हेंबर १९८७ च्या संध्याकाळी लाकडी सरकत्या जिन्याला आग लागली आणि ३१ माणसे प्राणांस मुकली. जिन्यावरून वर येणाऱ्या कोणा उतारूने पेटती काडी टाकली असावी, ती फटीतून खाली गेली आणि तेथे वर्षानुवर्षे साचलेल्या वंगणाने व कचऱ्याने पेट घेतला, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. तेथे धूम्रपानास बंदी नव्हती असे कोणी समजू नये. बंदी १९८५ पासूनच होती. परंतु बाहेर पडता पडता जिन्यावरच सिगारेट पेटविण्याची अनेकांची सवय सुटली नव्हती आणि त्याबद्दल कोणी फारसे हटकतही नव्हते. पूर्वी लागलेल्या लहानसहान आगींना कर्मचारी 'धुमस' एवढेच म्हणत असत. बंदीचा फलक भिंतीवर होता, पण फलकामागे माणूस उभा नव्हता.

दंडाचा विचार येथून सुरू होतो. दंड म्हटला की सर्वांना सिंगापूर आठवते. त्या देशाविषयी आपल्याकडे ज्या दंतकथा चालतात त्या बाजूला ठेवून तेथे काय घडले ते पाहिले तर बोध अधिक होतो. १ ऑक्टोबर १९६८ रोजी तेव्हाचे पंतप्रधान ली क्वान यू यांच्या हस्ते तेथील स्वच्छता मोहिमेचा आरंभ झाला. महिनाभर भित्तिपत्रके व व्याख्याने झाली, आणि सर्वांत स्वच्छ व सर्वांत अस्वच्छ कचेऱ्या, दुकाने, शाळा आणि वाहने निवडण्याच्या स्पर्धाही घेण्यात आल्या. सरकारी इमारतींनाही या स्पर्धेतून सूट नव्हती, हे विशेष ध्यानात घेण्यासारखे आहे. त्याच सुमारास सार्वजनिक आरोग्याचा नवा कायदा करण्यात आला. अर्थात लोकांना आधी सांगण्यात आले आणि दंडाचा हात त्या पाठोपाठ पुढे आला.

आज तेथे थोटकासारखी लहान वस्तू टाकणाऱ्यास पहिल्या वेळी ३०० सिंगापुरी डॉलर भरावे लागतात. प्रकरण न्यायालयात गेले तर पहिल्या अपराधास २,००० पर्यंत आणि तिसऱ्या अपराधापासून १०,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. १९९२ पासून आणखी एक शिक्षा आहे: अपराध्याला लांबून दिसेल अशी रंगीत बंडी अंगात घालून लोकांसमक्ष बाग किंवा रस्ता झाडावा लागतो. २०१५ च्या जानेवारीत एक प्रकरण गाजले. बहुमजली इमारतीतील आपल्या घराच्या खिडकीतून एक गृहस्थ थोटके खाली फेकीत असल्याचे पाळत ठेवणाऱ्या कॅमेऱ्याने टिपले. ३३ थोटकांबद्दल प्रत्येकी ६०० प्रमाणे १९,८०० डॉलर दंड झाला आणि चौतिसाव्याबद्दल पाच तास झाडलोट करावी लागली.

ही रक्कम ऐकून थक्क व्हायला होते. परंतु लक्ष द्यावयाचे ते रकमेकडे नव्हे. प्रत्येक थोटूक मोजले गेले, त्याचा पुरावा ठेवला गेला आणि दंड न्यायालयाने दिला, यात त्या घटनेचे सार आहे. इटलीतील विचारवंत बेकारिया याने १७६४ साली प्रतिपादन केले होते की, अपराधाला आळा बसतो तो शिक्षेच्या कठोरपणाने नव्हे, तर ती टळणार नाही या खात्रीने. दहा हजारांचा दंड वर्षातून एकाला झाला तर तो त्या एकाचे दुर्दैव मानला जातो. शंभराचा दंड रोज होऊ लागला की तो नियम होतो. त्याचबरोबर हेही सांगितले पाहिजे की, सिंगापूर दंडामुळे स्वच्छ आहे की झाडणाऱ्या हातांमुळे, हा वाद तेथेही चालूच असतो.

ब्रिटनमध्ये अडचण आणखी मौजेची होती. थोटूक हा कायद्याच्या दृष्टीने कचरा आहे काय, याविषयीच संदिग्धता होती. ती २००५ च्या कायद्याने दूर केली आणि थोटूक व चघळून टाकलेला गोंद यांचा कचऱ्यात स्पष्ट शब्दांत समावेश केला. इटलीने २०१६ च्या फेब्रुवारीपासून थोटकासाठी ३०० युरोपर्यंत दंड ठेवला.

आता आपल्याकडे. गोव्याने धूम्रपान व थुंकण्यास मनाई करणारा स्वतःचा कायदा १९९७ मध्येच केला. त्यानंतर २००३ चा केंद्रीय कायदा आला. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान केल्यास २०० रुपयांपर्यंत दंड, ही त्यातील तरतूद बहुतेकांना माहीत आहे. शेजारच्या कर्नाटकाने २०२५ मध्ये ही मर्यादा १,००० रुपयांवर नेली. परंतु हा दंड ओढण्याचा आहे, टाकण्याचा नव्हे, आणि येथेच लोकांचा व अधिकाऱ्यांचाही गोंधळ होतो. केंद्रीय कायद्याच्या व्याख्येतून मोकळी जागा वगळलेली आहे. २००८ च्या नियमांनी रेल्वे स्थानक, बसथांबा, क्रीडांगण अशा जागा पुन्हा आत घेतल्या. म्हणजे उघड्या रस्त्यावर ओढणे हा त्या कायद्याखाली अपराध नसेलही; ओढून झालेले थोटूक तेथेच टाकणे ही मात्र कचऱ्याची बाब होते. तिच्यासाठी २०१६ च्या घनकचरा नियमांनी शहरी संस्थांना आपल्या उपविधींत जागच्या जागी दंड करण्याची तरतूद ठेवण्यास सांगितले होते.

याहून सूक्ष्म अडचण रक्षापात्राची आहे. २००८ च्या नियमांनुसार धूम्रपानबंदी असलेल्या जागी रक्षापात्र ठेवता येत नाही, आणि ते योग्यच आहे. रक्षापात्र मांडणे म्हणजे पाहुण्याला ओढण्याचे निमंत्रण देणे. परंतु परिणाम असा होतो की, माणूस कचेरीच्या दाराबाहेर जाऊन ओढतो आणि थोटूक पायरीशी टाकतो. कोणत्याही सरकारी इमारतीच्या पायऱ्यांच्या कडेला पाहिले की त्या खात्यातील शिस्तीचा अंदाज येतो. आत बंदी आणि बाहेर काहीच सोय नाही, अशा स्थितीत केलेला दंड लोकांना जुलूम वाटतो, आणि तसे वाटणे सर्वस्वी चूक म्हणता येत नाही.

शिक्षकवर्गाने एक गोष्ट अवश्य जाणून घ्यावी. शैक्षणिक संस्थेच्या १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य वस्तू विकण्यास मनाई आहे, आणि शाळेच्या आवारात धूम्रपान करणाऱ्यास दंड करण्याचा अधिकार नियमांनी मुख्याध्यापक व शिक्षकांनाही दिलेला आहे. शाळेच्या फाटकाशी सापडणारी थोटके ही यापैकी कोणता तरी नियम मोडला जात असल्याची खूण आहे. मुलांकडून ती वेचून घेण्याचा कार्यक्रम कोठे कोठे उत्साहाने केला जातो. तो करू नये. निकोटीन ओल्या कातडीतून शरीरात जाते, आणि वडीलधाऱ्यांनी टाकलेले मुलांनी का उचलावे, हाही प्रश्न उरतोच.

दंडाविषयी लोकांच्या मनात जी अढी असते, तिची कारणे काल्पनिक नाहीत. बाजारच्या दिवशी टोपली घेऊन आलेल्या म्हाताऱ्याला विडीसाठी अडविले जाते आणि त्याच वेळी मोटारीच्या काचेतून जळते थोटूक भिरकावणारा निघून जातो. पैसे घेतले जातात, पावती मिळत नाही. दंड करणाऱ्याच्याच खिशातून सिगारेटचे पाकीट डोकावत असते. यांपैकी एक जरी गोष्ट गावाने डोळ्यांनी पाहिली, तर नंतरच्या शंभर रास्त दंडांवरही विश्वास बसत नाही. म्हणून छापील क्रमांकाची पावती, दंड करणाऱ्याचे नाव व हुद्दा, आणि महिन्याअखेर जमलेली रक्कम पंचायतीच्या फलकावर लिहिणे, एवढे तरी पाळलेच पाहिजे. पहिला महिना केवळ समज देण्यात घालवावा. मोटारीचा क्रमांक टिपून घेण्याचीही सोय असावी.

आणि सोयीचे म्हणाल तर तिला फार खर्च येत नाही. चहाच्या टपरीजवळ, बसस्थानकाच्या हद्दीबाहेर, बाजाराच्या तोंडाशी ओली वाळू भरलेला एक पत्र्याचा डबा पुरतो. वाळू कोरडी झाली की थोटूक आत धुमसत राहते, म्हणून पाणी रोज शिंपडले पाहिजे. सुक्या कचऱ्याच्या टोपलीत जळते थोटूक पडून टोपलीच पेटू नये, यासाठी हा डबा वेगळा असावा आणि त्यावर मोठ्या अक्षरांत तसे लिहावे. तो रिकामा कोणी करावयाचा, त्या व्यक्तीचे नाव ठरावातच असावे. नाहीतर चार दिवसांत डबा भरतो आणि पाचव्या दिवसापासून थोटके त्याच्या भोवती पडू लागतात. जमलेली थोटके खतखड्ड्यात टाकू नयेत, विडीचीसुद्धा टाकू नयेत. ती पूर्ण विझल्याची खात्री करून, वेगळ्या पिशवीत बांधून सुक्या कचऱ्याबरोबर पाठवावीत.