‘पाहिलं मी फेसबुकवर’



फेसबुकवर एका खात्याला ५,००० मित्र जोडता येतात. रॉबिन डन्बार या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञाचा हिशेब यापेक्षा फारच काटकसरीचा आहे. माकड-वानरांचा मेंदू आणि त्यांच्या टोळ्यांचा आकार यांची सांगड घालून १९९०च्या दशकात त्यांनी मांडलं, की माणसाला साधारण १५० जणांशीच नातं टिकवता येतं. त्यातले अगदी जवळचे पाचेक. १५० या आकड्यावर अभ्यासक अजून भांडतात. पाचाबद्दल मात्र भांडावंसं वाटत नाही!

पण मला आकड्याची काळजी नाही. दहावीच्या बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप बघा. कोण नागपुरात, कोण न्यू जर्सीत, तीस-तीस वर्षांनी सगळे सापडले. गेट-टुगेदर झालं, कुणाच्या ऑपरेशनसाठी संध्याकाळपर्यंत पैसे उभे राहिले. हे या माध्यमाचे उपकारच. त्यासाठी रोज सकाळचे सुविचार सोसायला माझी तयारी आहे.

गोची वेगळीच आहे. मित्राने गाडी घेतली, तो मनालीला जाऊन आला, मुलगी बारावी झाली, हे आपल्याला आधीच कळलेलं असतं. भेटल्यावर तो कौतुकाने सांगायला लागतो आणि आपण म्हणतो, ‘हो, पाहिलं मी फेसबुकवर.’ झालं, बोलणं तिथेच संपलं. बातमी कळते म्हणून विचारपूस थांबते. आणि जे कुणी फोटोत टाकत नाही, म्हणजे नोकरीवर आलेलं गंडांतर, घरातला अबोला, आईला हल्ली माणसं ओळखू येत नाहीत हे, ते तर विचारल्याशिवाय बाहेर पडतच नाही. कट्ट्यावर एखादा चार दिवस दिसला नाही, तर कुणीतरी सायकल काढून त्याच्या घरी जायचं. ग्रुपवर शंभर मेसेजांच्या गलक्यात कोण गप्प झालं, याचा पत्ताही लागत नाही.

वाढदिवसाची आठवण फोन करून देतो, केकचं चित्रही तोच पुरवतो. अमुक एक जण गप्प आहे, असं नोटिफिकेशन मात्र येत नाही.

तेव्हा बऱ्याच दिवसांत ज्याचा एक शब्दही ग्रुपवर आला नाही, असा कुणीतरी आठवा आणि आज त्याला फोन लावा. मेसेज नको. ‘कसा आहेस?’ विचारलंत, की तो ‘मजेत’ म्हणेल. तरी लगेच फोन ठेवू नका.