मतं आहेत, मग जागा का नाही?
(आरे-वारे इथल्या बैठकीतलं भाषण)



आपली कातकरी वाडी इथे दहा घरं, पलीकडे पंधरा. रत्नागिरी जिल्ह्यात आदिवासींसाठी राखीव मतदारसंघ एकही नाही. विखुरलेलं मत कुठेच निवडून येत नाही. हे फक्त आपलंच नाही. 1984 ची लोकसभा बघा. भाजपला शेकडा सातच्या वर मतं, पण देशभर पसरलेली. जागा 2. तेलुगू देसमला शेकडा चारच्या आसपास, पण सगळी आंध्रातली. जागा 30! काँग्रेसला निम्म्याहून थोडी कमी मतं, जागा 404.

दुसरी रीत आहे, प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची. समजा जागा 5, पक्ष तीन, मतं 500, 300, 200. प्रत्येकाची मतं 1 ने, 2 ने, 3 ने भागत जायची. पहिल्याचे 500, 250, 166. दुसऱ्याचे 300, 150. तिसऱ्याचे 200, 100. आता सगळ्यांतले मोठे पाच आकडे उचला: 500, 300, 250, 200, 166. पहिल्याला 3 जागा, बाकीच्यांना एकेक. आजच्या रीतीत सगळीकडे हेच प्रमाण पडलं तर पाचही पहिल्याच्याच.

गंमत म्हणजे राज्यसभेवर माणसं पाठवताना आमदार प्रमाणशीर पद्धतच वापरतात, पसंतीक्रम लावून. घटनेतच तसं आहे. आपल्या मताला मात्र ती लावली नाही.

पण एक खोच आहे. यादी पक्ष करतो. 200 वाल्याला एकच जागा, म्हणजे यादीतलं पहिलंच नाव जाणार. आपला माणूस चौथा टाकला, तर मतं आपली नि खासदार त्यांचा. म्हणून यादीचा क्रम कोण लावणार, तेही मागणीच्या कागदात लिहायला पाहिजे.