हप्ता महिन्याचा, कापूस वर्षाचा



पंढरीच्या वाटेवर आपण खांद्याला झेपेल तेवढीच पिशवी घेतो. घरच्या मोठ्या खरेदीला मात्र हा हिशोब विसरतो.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या कोरडवाहू कास्तकाराच्या हाती मोठा पैसा येतो तो सोयाबीन-कापूस विकल्यावर. तोच मृगाच्या बियाण्यापर्यंत पुरवायचा. गाडीचा हप्ता मात्र दर महिन्याला दारात उभा! 3,500 रुपयांचा हप्ता म्हणजे वर्षाचे 42,000. कापसाला 7,000 भाव धरा, एकरी 6 क्विंटल धरा. एक एकर वावर वर्षभर नुसतं गाडीसाठी पिकलं! वेचणी, खत, फवारणी याचा खर्च वेगळाच.

गाडी वाईट नाही, अडीअडचणीला दवाखान्यात तीच नेते. लेकीचं लग्नही करावंच लागते. पण पीककर्ज मुदतीत भरलं तर पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळं 3 लाखांपर्यंत व्याज पडत नाही. तोच पैसा मंडपात गेला की सवलत जाते, बँकेचं दार लागते अन् सावकाराचं उघडते. तुकोबारायांनी लोकांची कर्जखतं इंद्रायणीत सोडली, असं आपण कीर्तनात ऐकतो. पण आपला सावकार काही तुकोबा नाही!

म्हणून आधी बियाणं, पीककर्ज अन् लेकरांची फी बाजूला काढा. उरलं त्यात खरेदी करा. अन् जिनं उन्हात कापूस वेचला, त्या घरच्या माउलीला विचारून करा. नव्या वस्तूचा आनंद चार दिवस टिकतो. देणं नसलेल्या घरातली झोप रोज लाभते.

रामकृष्ण हरी!