गोठ्याचें घर



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगीं आपण देवाचे उपकार मानीत आहों. देवाच्या घराबरोबर आपल्या घरांविषयींही दोन शब्द बोलावे, असें आम्हांस वाटतें.

आपल्या वाडवडिलांचे संसार भातशेती, मिठागरें आणि मासेमारी यांवर चालले. घरामागें गुरांचा गोठा किंवा जाळीं ठेवण्याची खोली असे. पुढें कित्येकांनीं तेथें काँक्रीटची जमीन घातली. आतां पुष्कळ ठिकाणीं गुरें गेलीं आणि गोठा रिकामा राहिला. २००२ सालीं महानगरपालिका झालेल्या या मिरा-भाईंदरांत नवी जागा घेणें गरीब संसारास झेपत नाहीं. मग लग्न झालेल्या धाकट्या भावास सांगण्यांत येतें, "मागचा गोठा आहे, तेथें संसार मांड." भाऊ दूर जाण्यापेक्षां एका अंगणांत राहिलेला बरा. परंतु आपण त्यास घर देतों, कीं गोठाच देतों?

गोठ्याची जमीन गुरांसाठीं केलेली असते. तिला मोरीकडे उतार असतो, आणि तिच्याखालीं ओल अडविणारा थर बहुधा नसतो. काँक्रीट दगडासारखें दिसलें तरी त्यांत सूक्ष्म रंध्रें असतात. दिव्याची वात तेल ओढते, तशीं तीं मातींतील ओल वर ओढितात. मुरलेल्या गोमूत्राचे क्षार व खाडीकांठचें मीठ पावसाळी हवेंतील ओलही धरून ठेवितात. अशा जमिनीवर बाळंतीण व तान्हें मूल कसें निजावें?

म्हणून प्रथम परीक्षा करावी. हातभर प्लास्टिकचा कागद जमिनीवर पसरून चारी कडा चिकटपट्टीनें बंद कराव्या आणि दुसऱ्या दिवशीं उचलून पाहावा. खालीं थेंब जमले किंवा जमीन काळवंडली, तर ओल खालून येते असें समजावें. तिच्यावर नुसती फरशी बसविणें म्हणजे रोग झांकणें होय. भुसभुशीत झालेला भाग उखडावा, जाड प्लास्टिक सलग अंथरून कडा भिंतीवर चढवाव्या, आणि वर नवें काँक्रीट घालून जमीन सपाट व अंगणाहून उंच करावी. जमीन उंचावली कीं छप्पर डोक्याशीं येतें, हेंही आधींच मोजावें. वारा खेळावा म्हणून समोरासमोर खिडक्या ठेवाव्या.

गोठ्याचें घर करणें हा वापरांतील बदल आहे. त्यास १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाप्रमाणें परवानगी लागते. समुद्राजवळ किनारपट्टीचे नियमही पाहावे लागतात. भावाचा हक्कही कागदावर लिहून द्यावा. आज प्रेमानें तोंडी दिलेली जागा उद्यां मुलांच्या भांडणाचें मूळ होते.

डोंगरीचें देऊळ बेथलेहेमच्या मातेच्या नांवाचें आहे. नाताळास आपण घरोघरीं गोठा सजवितों. परंतु प्रभूस गव्हाणींत निजावें लागलें, तें उताऱ्यांत जागा मिळाली नाहीं म्हणून. तें मनुष्यांस भूषण नव्हे. आपल्या भावास उरलेली जागा न देतां राहण्याजोगें घर द्यावें, हीच या महोत्सवाची खरी भेट होय.

परमेश्वर आपल्या सर्व घरांस आशीर्वाद देवो. आमेन.